हरवलेला माणूस, न हरवणारा संदेश

बेपत्ता व्यक्तीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरवण्याच्या प्रथेमुळे गोव्याच्या पेडणे तालुक्यातील धारगळसारख्या गावात, जिथून महामार्गाने पत्रादेवीची हद्द जवळ आणि २०२३ पासून मोपाचा विमानतळही हाताशी आहे, शोधाला वेग आला हे खरे. मात्र हा वेग पुष्कळदा पोलीस ठाण्याला वळसा घालून जातो. तक्रारीसाठी चोवीस तास थांबण्याचा नियम कोठेही नसताना तो निष्ठेने पाळणारे नातलग भजनी मंडळ, जत्रा समिती आणि आखातातील भाचे यांच्या व्हॉट्सॲप गटांवर संदेश धाडताना चोवीस मिनिटेही धीर धरत नाहीत. संदेशात शर्टाचा रंग आणि जोडलेल्या हातांची चिन्हे असतात, तारीख तेवढी नसते. त्यामुळे ‘कालपासून बेपत्ता’ गृहस्थ संध्याकाळी घरी येऊन पेज जेवले, तरी बांदा आणि डिचोलीत ते चतुर्थीपर्यंत हरवलेलेच राहतात.

न तपासता संदेश पुढे धाडण्याच्या या उत्साहाची भीषण बाजू १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसली, जिथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या, समाजमाध्यमांवर फिरलेल्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात ‘फॉरवर्ड’वर, म्हणजे आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे धाडण्यावर, एका वेळी पाचांची मर्यादा घालण्याचे जाहीर केले; पाचांनंतर पुन्हा पाचांना धाडता येते, हे शोधायला मात्र कोणालाही विद्यापीठात जावे लागले नाही. ‘सापडले’ या संदेशावर अशी मर्यादा घालण्याची वेळ अद्याप कोणत्याही कंपनीवर आलेली नाही.