ब्रूनोचे पप्पा

कांजूरमार्गला एलबीएसच्या कडेने जुन्या कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि त्यांच्यासोबत माणसांचा एक नवा वाण आला. या माणसाला स्वतःचं नाव नसतं. मेंटेनन्सच्या बिलावर असतं, पण ते तेवढ्यापुरतंच. वॉचमन, इस्त्रीवाला, लिफ्टमधली पोरं, सगळे त्याला ‘ब्रूनोचे पप्पा’ म्हणतात. ब्रूनो साधासुधा लॅब्राडॉर असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. लॅब्राडॉरचे पप्पा सुखी, सुटलेले आणि निरुपद्रवी असतात. आमचा ब्रूनो बॉर्डर कोली आहे. मेंढ्या वळवण्यासाठी जन्मलेला प्राणी, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर.

तो आला कसा, तर जसे सगळे येतात तसा. लॉकडाउनमध्ये मुलाने हट्ट धरला, ‘मी त्याचं सगळं करीन’ अशी शपथ घेतली आणि दोन वर्षांनी तो नोकरीला बंगळुरूला निघून गेला. आता रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो. ‘बाबा, जरा बाजूला व्हा ना, ब्रूनो दिसत नाहीये.’

पप्पा बँकेत आहेत. ब्रूनोपूर्वी त्यांचा व्यायाम म्हणजे रिमोट शोधणं. साखर वाढली, डॉक्टरांनी बजावलं, बायकोने महागडे बूट आणून दिले. बूट खोक्यात राहिले. आज पहाटे साडेपाचला तेच बूट गेटबाहेर पडतात. साडेपाचलाच का, तर सात वाजल्यानंतर मुंबईचं ऊन ब्रूनोच्या दुहेरी केसाळ अंगाला सोसत नाही. मे महिन्यात पप्पा रस्त्यावर वाकून डांबराला उलटा हात लावून बघतात. हाताला चटका बसला तर कुत्र्याच्या पंज्यालाही बसणार. दुधवाल्याला बरेच दिवस वाटत होतं, साहेब रोज भूमीला नमस्कार करतात.

पण चालणं ही किरकोळ बाब. या कुत्र्याला पाय मोकळे करून भागत नाही, त्याला काम लागतं. तुम्ही दिलं नाही तर तो स्वतः शोधतो, आणि ते तुम्हाला आवडेलच असं नाही. ब्रूनोने आल्या आल्या मध्य रेल्वे ताब्यात घेतली. पप्पांच्या बाल्कनीतून रूळ दिसतात. धीमी लोकल दिसली की ब्रूनो बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला हाकत नेतो आणि ती भांडुपकडे वळती झाली की दमून बसतो. डोंबिवली स्लो आपल्यामुळेच वेळेवर जाते अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. रविवारी मेगाब्लॉक असला आणि गाड्या पलीकडच्या जलद मार्गावर वळवल्या की बिचारा बेकार होतो. आतापर्यंतचे दोन सोफे आणि एक पायपुसणं रविवारीच फाडलेलं आहे. त्यामुळे मेगाब्लॉकचं वेळापत्रक आमच्या अख्ख्या विंगमध्ये सर्वांत आधी कुणाला पाठ असतं, तर पप्पांना.

पप्पांचा खरा अवतार बघायचा तर त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये चढावं. तळमजल्यावर तुम्ही ‘काय, कसं काय?’ म्हणता. सहाव्या मजल्यापर्यंत इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा येते. दहाव्यावर 1893 साली नॉर्थंबरलँडमध्ये ओल्ड हेम्प जन्माला येतो, जो न भुंकता, न चावता, नुसती नजर रोखून मेंढ्या वळवायचा आणि ज्याचा वंश जगभर पसरला. पंधराव्यावर अमेरिकेतले प्राध्यापक जॉन पिली चेसर नावाच्या कोलीला खेळण्यांची नावं शिकवतात. ‘एक हजार बावीस! 2011 मध्ये पेपर छापून आलाय त्यावर!’ आमच्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजी एकदा शांतपणे म्हणाल्या, ‘कुत्रीला 1022 नावं लक्षात राहतात, आणि तुमच्या मेंटेनन्सची तारीख?’ त्या दिवशी पप्पा पुढचे चार मजले गप्प होते. एरवी नसतात.

पुढे त्यांनी परदेशी मेंढपाळांच्या आज्ञा शिकून घेतल्या. कुत्र्याला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं तर ‘कम बाय’ म्हणायचं. सकाळी गार्डनमध्ये पप्पा घसा ताणून ओरडले, ‘कम बाय!’ झाडू मारणारी मावशी कमरेला पदर खोचत आली. ‘काय ओ साहेब, बोलावलंत?’ ब्रूनो जागचा हलला नव्हता. पप्पांनी तिची माफी मागितली आणि तिथल्या तिथे ‘डावीकडून’ आणि ‘उजवीकडून’ अशा मराठी आज्ञा लागू केल्या. ब्रूनो त्या आठवड्याभरात शिकला. सोसायटीतल्या गाड्या पार्किंगमध्ये अजून शिकलेल्या नाहीत.

सुरुवातीला तक्रारी फार झाल्या. गार्डनमध्ये चारपाच वर्षांची पोरं पळायला लागली की ब्रूनो पोट जमिनीला टेकवून, डोळे वटारून त्यांना गोल फिरवायचा आणि घसरगुंडीजवळ एका कोपऱ्यात गोळा करायचा. आया किंचाळल्या. ‘कुत्र्याला लिफ्टबंदी करा’ असा ठराव आला. पप्पांनी प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक काढलं, जे या वाणाच्या प्रत्येक माणसाकडे लॅमिनेट करून ठेवलेलं असतं, आणि सभेत उभं राहून वाचलं. कुत्रा पाळायला आणि त्याला लिफ्टमधून न्यायला सोसायटीला मनाई करता येत नाही. पालिकेचा परवानाही दाखवला, रेबीजच्या लशीचं कार्डही. ठराव पडला. महिन्याभराने त्याच आया संध्याकाळी मोबाइल घेऊन बाकावर निवांत बसायला लागल्या. कुणाचं पोर गेटकडे गेलंच तर ब्रूनो आणतो.

पूर्वेकडून डम्पिंगचा वास येतो तेव्हा सगळा टॉवर खिडक्या लावतो. ब्रूनो नाक वर करून डोळे मिटतो. पप्पा मात्र तिकडच्या मोकळ्या जमिनीकडे बघून हळहळतात. 2020 मध्ये मेट्रो तीनचं कारशेड तिथे नेणार म्हणून जाहीर झालं, हायकोर्टाने काम थांबवलं, 2022 मध्ये नव्या सरकारने ते पुन्हा आरेला नेलं. सगळं राज्य त्या जागेवरून भांडत होतं. पप्पांचं म्हणणं एवढंच की भांडण मिटेपर्यंत कुणी तिथे ब्रूनोला पळू द्यायला हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना वाटलं, याला एकदा खऱ्या मेंढ्या दाखवू. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात, शेतकरी खतासाठी त्यांच्या मेंढ्या कापलेल्या भातखाचरात बसवतात. पेणच्या पुढे असा एक वाडा दिसला. पप्पांनी गाडी थांबवली, मलाही ओढून नेलेलं होतं. म्हाताऱ्या धनगराने ब्रूनोला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘ह्ये राती लांडग्याव जातंय का?’

‘नाही नाही. हा मेंढ्या वळवतो.’

‘वळवाया आमी हाय की.’

बरोबरच होतं त्याचं. आपल्याकडे कळप माणूस वळवतो, शीळ घालून, हाळी देऊन. कुत्रं असतं राखणीला. त्याचं कुत्रं बाजेखाली पडलं होतं. ना जात, ना सर्टिफिकेट, एक कान फाटलेला. पप्पांनी समजावून सांगितलं, ‘बाबा, याला सतत काम लागतं हो.’

‘आमच्याला झोप लागती,’ धनगर म्हणाला.

मग ब्रूनोला सोडलं. दोनेकशे मेंढरांनी एकदम माना वर केल्या. ब्रूनोने त्यांच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पोट जमिनीला टेकवून कामाला लागला. पप्पा, वहिनी आणि मी, तिघांना त्याने अर्धवर्तुळात घेरून गाडीच्या मागच्या दारापर्यंत व्यवस्थित आणून सोडलं. वहिनींची चप्पल खाचरात राहिली ती राहिलीच. धनगर तेवढं म्हणाला, ‘काम करतंय खरं.’

पप्पा परतीच्या वाटेवर नाराज नव्हते. वाशी येईपर्यंत ते ओल्ड हेम्पबद्दल बोलत होते.

मधल्या काळात त्यांची साखर उतरली, पोट उतरलं, आणि बारा वर्षांत ज्यांना शेजारच्या दाराचं नाव माहीत नव्हतं त्यांना आता चारही विंगमधली पोरं, त्यांच्या परीक्षा, कुणाच्या आजोबांचा गुडघा कुठला, सगळं ठाऊक आहे. विसर्जनाला पवईला निघालो की तेच मागेपुढे धावून डोकी मोजतात, रेंगाळणाऱ्याकडे रोखून बघतात. ब्रूनो घरी असतो, त्याला ढोल-ताशे सोसत नाहीत. कुणी न सांगता पप्पांनी त्याची पाळी सांभाळलेली असते. यंदा सेक्रेटरीपदी त्यांची बिनविरोध निवड झाली.

त्यांचं पाहून सोसायटीतल्या दोन घरांनी असंच पिल्लू सांगून ठेवलंय, असं ऐकतो. त्यांना माझी विनंती आहे: पैसे भरण्याआधी आठवडाभर ब्रूनोला फिरवून बघा, मधला रविवार धरून. पप्पांना विचारायला संकोच करू नका. ते पट्टा लगेच हातात देतील.