एकाच खिडकीत दोघं!

1990 सालचा नोव्हेंबर. अमेरिकेत नुसता गहजब उडाला होता. मिली व्हॅनिली नावाच्या जोडगोळीने आपल्या रेकॉर्डवर एक ओळही गायली नव्हती, आवाज भलत्यांचेच होते, हे चव्हाट्यावर आलं आणि ग्रॅमीवाल्यांनी दिलेलं पारितोषिक काढून घेतलं. फसवणूक, लबाडी, संगीताचा बाजार! ज्यांना सात सूर धड माहीत नाहीत, तेही नाकाने कांदे सोलायला लागले. आणि गंमत अशी, की सगळं गाव त्या दोघांच्या ओठांकडे डोळे लावून बसलं होतं त्याच वर्षी कॅलिफोर्नियात पालो आल्टोला खरी भानगड उघडउघड सुरू झाली होती. तिच्याकडे ढुंकून बघायलाही कुणाला सवड नव्हती.

ऑपकोड नावाची कंपनी. डेव्ह ओपनहाइम या गृहस्थांनी 1985 साली काढलेली. त्यांनी 'स्टुडिओ व्हिजन' नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं आणि मिडी आणि ऑडिओ यांना एकाच खिडकीत संसार थाटून दिला. ना पत्रिका जुळवली, ना घराणं पाहिलं!

आणि घराणी तरी कशी, तर अगदी दोन टोकांची. मिडीबाई 1983 मधल्या. सिक्वेन्शियलचा एक कीबोर्ड आणि रोलँडचा एक, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं अमेरिकेतल्या व्यापारी मेळाव्यात एका वायरीने जोडली आणि एक वाजवल्यावर दुसरं बोलायला लागलं, तेव्हाची ही ओळख. बाईंच्या गळ्यातून स्वतःचा म्हणून एक सूर निघत नाही. नुसते हुकूम सोडतात: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली. त्यामुळे वजनाला अगदी फूल; अख्खं गाणं फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात मावतं. ऑडिओराव म्हणजे साक्षात आवाज, आणि अंगाने भरभक्कम. सेकंदाला 44,100 नमुने, स्टिरिओचं एक मिनिट म्हणजे साधारण 10 एमबी. त्या काळच्या चांगल्या मॅकमध्ये हार्ड डिस्क असायची 40 नाहीतर 80 एमबीची. साहेब चार मिनिटं बोलले की छोटं घर भरलं!

तोवर दोघं भेटायची ती चोरूनमारून. कॉम्प्युटर सिंथेसायझर वाजवून घ्यायचा, गाणारा टेपवर गायचा. दोघांची पावलं एकत्र पडावीत म्हणून टेपचा एक अख्खा ट्रॅक सिंक कोडच्या नावाने सोडून द्यावा लागे. ती कर्कश किरकिर शेजारच्या ट्रॅकमध्ये झिरपू नये म्हणून तिच्याजवळ नाजूक वाद्य ठेवायचं नाही, असा शिरस्ता होता. अंतरा पुन्हा ऐकायचाय? टेप मागे घ्या, सुरू करा, कॉम्प्युटर कोड ओळखेपर्यंत दोनचार मात्रा गप्प बसा. मग कुठे मिडीबाई लगबगीने येऊन रावांच्या सुरात सूर मिळवणार. गाणाऱ्याचा मूड तोवर टिकला तर नशीब.

स्टुडिओ व्हिजनने हा सगळा लपाछपीचा मामला निकालात काढला. डिजिडिझाइन नावाच्या कंपनीचं कार्ड मॅकमध्ये खोचायचं, आवाज थेट डिस्कवर. पडद्यावर वर मिडीच्या सुरांच्या आडव्या पट्ट्या, खाली गळ्यातून निघालेल्या आवाजाची दाढी वाढल्यासारखी खरखरीत रेघ, आणि दोघांवर एकच मात्रांची मोजपट्टी. ध्रुवपद एकदा छान जमलंय ना? उचला, पुढच्या तिन्ही ठिकाणी चिकटवा. गायिका चहा पिऊन घरी गेली तरी चालेल.

झालं! सोवळ्यातले लोक खवळले. म्हणे हे गाणं नव्हे, हे शिवणकाम. मला यांची जरा गंमतच वाटते. टेपच्या काळात काय सगळे एका दमात गात होते? ब्लेडने टेप कापून, चिकटपट्टीने जोडून किती अजरामर रेकॉर्ड झाल्या. ग्लेन गूल्डसारखा पियानोवादक 1964 साली मैफली सोडून स्टुडिओत जाऊन बसला आणि कापाकापीची उघड वकिली करत राहिला. त्याला कुणी वाळीत टाकलं नाही. तेव्हा कात्रीबद्दल कांगावा नको.

मला विचाराल तर खरी चहाटळ गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. लोक गाणं बघायला लागले! ढोलाचा ठोका मोजपट्टीच्या रेघेपासून केसभर मागे पडलाय, हे कानाला एरवी कळलंही नसतं; कळलं असतं तर कदाचित आवडलंही असतं. आता ते डोळ्यांना दिसतं, आणि दिसलं की हात शिवशिवतात. वर मिडीबाईंच्या पट्ट्या क्वांटाइझ करून रेघेला रेघ लावून शिस्तीत उभ्या, आणि खाली हाडामांसाचा ड्रमर आपला थोडा पुढे, थोडा मागे. शेजारच्या टापटीप बाईंशी रोज तुलना झाल्यावर बिचाऱ्याचा निभाव कसा लागणार? दोघं वेगळ्या घरात होती तोवर ही तुलना व्हायचीच नाही.

पुढे तर कहर झाला. स्टुडिओ व्हिजनच्या 1990 च्या दशकातल्याच एका आवृत्तीत गायलेला आवाज मिडीत बदलायची सोय आली. सूर हलवा, लांबवा, आणि फिरवून पुन्हा आवाज करा. म्हणजे राव बाईंच्या वेशात गेले आणि वेगळेच होऊन परत आले. आता बोला!

एकाचं पाहून दुसऱ्याला सुचणारच. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला 'डिजिटल परफॉर्मर', हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गचं 'क्यूबेस ऑडिओ', पाठोपाठ 'लॉजिक ऑडिओ'. 1991 ला डिजिडिझाइनने स्वतःचं 'प्रो टूल्स' काढलं: 4 ट्रॅक, किंमत 6000 डॉलरच्या घरात. इतक्या पैशात काही जण गाडी घेतात, पण वेड लागलं की हिशेब कोण करतो! 1996 मध्ये 'क्यूबेस व्हीएसटी' आलं आणि वेगळ्या कार्डाचीही गरज उरली नाही. मोठ्या स्टुडिओंचं सोवळं तिथेच सुटलं.

आणि आपल्याकडे? मुंबईत तारदेवच्या फिल्म सेंटरला, बांद्र्याच्या मेहबूबला सिनेमाच्या गाण्यांसाठी शंभराच्या घरातले वादक एकत्र बसून वाजवत. त्यात गोव्याहून आलेल्यांचा भरणा मोठा. नोटेशन वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा हे नामांकित अरेंजर गोव्याचेच. एका व्हायोलिनचा गज चुकला की सगळ्या ताफ्याचा पुन्हा टेक. याच 1990 च्या दशकात ते सत्र पातळ होत गेलं आणि श्रेयनामावलीत 'प्रोग्रॅमर' नावाचा नवा जावई मानाने बसायला लागला. यात एकट्या स्टुडिओ व्हिजनचा दोष नाही. पण आधी सिंथेसायझर आणि मल्टिट्रॅक, मग हे. व्हायोलिनवाल्यांना कुणी सांगायला गेलं नाही, नुसती बोलावणी कमी झाली. ही मात्र चेष्टेची बाब नव्हे, म्हणून इथेच सोडतो.

बरं, गायिका शेरबाईंचं ते प्रकरण ठाऊक आहे ना? 1998 चं 'बिलीव्ह' हे गाणं. लंडनमध्ये, मॅकवर क्यूबेस व्हीएसटी लावून केलेलं. त्यात मधूनच आवाज धातूच्या पायऱ्यांवरून उड्या मारल्यासारखा तुटतो. जगभर एकच प्रश्न: हे केलंत कसं? निर्मात्यांनी 'साउंड ऑन साउंड' मासिकाला चेहरा गंभीर ठेवून सांगितलं, की अमुक एक व्होकोडर पेडल वापरलं. लोकांनी पेडलं शोधली. प्रत्यक्षात ते होतं 1997 चं 'ऑटो-ट्यून', बेसूर गुपचूप सुरात आणणारं. यांनी त्याची कळ टोकाला पिरगळली आणि ताकाला जाऊन भांडं लपवलं. ऑटो-ट्यून बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखाली तेल कुठे आहे ते कंपनांवरून शोधायच्या कामात होते. तिथून थेट गळ्यात!

आणि ज्यांनी हे सगळं सुरू केलं त्या ऑपकोडचं काय झालं? 1998 ला गिब्सनने विकत घेतली. गिब्सन म्हणजे गिटारवाले! वर्षभरात, 1999 मध्ये नव्या कामाला टाळं. डिजिडिझाइन त्याआधीच अ‍ॅव्हिडच्या घरी नांदत होती. स्टाइनबर्ग पिनॅकलकडे जाऊन मग यामाहाकडे स्थिरावली. आणि लॉजिकवाली एमॅजिक 2002 मध्ये अ‍ॅपलने उचलली. विंडोजवर लॉजिक घेतलेल्या लोकांना त्याच वर्षी कळवण्यात आलं की आता तुमचं तुम्ही बघा. गाण्यातली भानगड परवडली, पण ही सोयरीक बघता मला तरी मिली व्हॅनिलीच सोज्वळ वाटायला लागलेत.