याचा प्रकल्प होतो

प्रकल्पे सरांचं खरं आडनाव आमच्या गावात कुणाला विचारलं, तर माणूस जरा डोकं खाजवतो आणि म्हणतो, "पगारपत्रकावर असंल की." प्रकल्पे हे नाव पोरांनी ठेवलेलं. आधी ते फळ्याच्या मागं, मुतारीच्या भिंतीवर असं चोरून वावरायचं. पुढं गावकरी तोंडावर म्हणायला लागले, आणि एकदा तर सत्काराच्या मानपत्रावरच छापून आलं. सरांनी ते काच लावून भिंतीवर टांगलंय.

माझं दुकान शाळेच्या फाटकासमोर. झेरॉक्स, रिचार्ज, वह्या, फायली, कार्डशीट. त्यामुळं सर माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि सगळ्यात जुनी उधारीही. खिशात तीन पेन: निळा, हिरवा, लाल. त्यांतला लाल तेवढा झिजतो. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शिंप्याची टेप. विषय भूगोल, पण शिकवतात काय, तर जे दिसेल ते. टँकरपुढं घागरींची रांग दिसली की सर थांबतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "याचा प्रकल्प होतो." लग्नाच्या पंगतीत वाढपी वरण घेऊन ताटकळलेला असतो आणि यांचं लक्ष शेजारच्याच्या पत्रावळीत काय उरलं याच्याकडं. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला साप आडवा गेला, मेव्हणा पडला, गुडघा फुटला. भेटायला आलेल्या सरांनी पहिलं विचारलं, "साप कुठून कुठं गेला? दिशा सांगा."

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सर नुकते नोकरीला लागले होते. त्यांनी पोरांना विषय दिला, 'जिल्हा झाल्यामुळे आमच्या गावात झालेले बदल'. एका पोरानं दोनच शब्द लिहिले, 'काही नाही'. सरांनी दहापैकी नऊ दिले. शेरा : 'निरीक्षण अचूक. विस्तार करावा.'

सरांच्या प्रकल्पाचा साचा ठरलेला. प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष. त्याच्या आधी ऋणनिर्देश. हा ऋणनिर्देश आमच्याकडं वडिलोपार्जित आहे. कोण्या काळी कुण्या पोरानं तालुक्याच्या गावाहून आणलेल्या फायलीतून उतरवला, तेव्हापासून तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतोय. त्यात ग्रंथपालांचे मनःपूर्वक आभार आहेत. शाळेला ग्रंथपाल कधीच नव्हता.

तर, मार्च २०२०. कोरोनामुळं शाळा बंद झालेल्या, दहावीची परीक्षा तेवढी चालू. २२ तारखेला जनता कर्फ्यू आणि २३ ला भूगोलाचा पेपर. तो पेपर आधी पुढं ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. बाकीच्या पेपरांच्या गुणांवरून भूगोलाचे गुण देऊन टाकले. सरांना हे फार लागलं. मराठीचा नाही, गणिताचा नाही, नेमका आपलाच! माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, "एकवीस वर्षं शिकवला, अन् शेवटी सरासरीनं?" मग बराच वेळ गप्प. मग मान तिरकी झाली, आणि माझ्या पोटात गोळा आला. आता ही साथच पोरांच्या बोकांडी बसणार!

पहिला विषय मोबाईलवर आला : 'जनता कर्फ्यूच्या सायंकाळी वाजवलेल्या भांड्यांचे धातूनुसार वर्गीकरण'. पोरांनी गल्लीगल्लीतून फोन करून पितळ, स्टील, जर्मन असे रकाने पाडले. एका पोरीनं मात्र रकाने सोडून लिहिलं, 'आईने परात वाजवली. परात आजीच्या माहेरची होती. परात चेपली. आजी दोन दिवस बोलली नाही.' सरांनी विचारलं, निष्कर्ष? तिनं उलट टपाली कळवलं, 'माहेरची भांडी वाजवू नयेत.' त्या दिवशी सर मला तीनदा फोन करून हे वाचून दाखवते झाले.

२५ मार्चपासून सगळंच बंद. तिसऱ्या दिवशी पहाटे मागच्या दारावर टकटक. बघतो तर तोंडाला उपरणं गुंडाळलेले सर.

"कार्डशीट आहे का?"

"सर, दूध सोडतेत, औषध सोडतेत. कार्डशीटसाठी काहून मार खाता?"

"पोरांनी लिहायचं कशावर?"

आमच्या घरात त्या वेळी पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे पडून होते. लग्न अंगणात उरकलेलं, पत्रिका एकही वाटली नव्हती. जाड, गुळगुळीत, मागची बाजू कोरी. सरांचे डोळे चमकले. गावातली अशी आणखी चार-पाच लग्नं त्यांनी हुडकून काढली. म्हणून आमच्या गावच्या पोरांचे महामारीवरचे सगळे प्रकल्प गणपतीच्या चित्रापासून सुरू होतात. पुढं वधू-वरांची नावं, 'आपली उपस्थिती हाच आहेर', आणि पान उलटलं की 'विषाणू म्हणजे काय'.

'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असं सरकारचं ब्रीद होतं. आमच्याकडं शिक्षण रात्री नऊनंतर सुरू व्हायचं, कारण फोन दिवसभर बापाबरोबर शेतात. नवाला बाप जेवायला बसला की पोरगं फोन घेऊन निंबाच्या झाडावर, कारण रेंज तिथं. मग सरांच्या फोनवर पानांचे फोटो कोसळायचे. कुठं पान उलटं, कुठं बोट आडवं, एका फोटोत तर अर्ध्या पानावर शेळीचा कान. सरांचा फोन तापून बंद पडायचा. ते तो माठावर ठेवून थंड करायचे आणि पुन्हा तपासायला बसायचे. सरांच्या घरच्या बाई आतून ओरडायच्या, "पाणी तपासायलात का?"

दुसऱ्या लॉटात एका पठ्ठ्यानं तो वडिलोपार्जित ऋणनिर्देश मोडला. लिहिलं, 'ज्याच्यामुळे हा प्रकल्प होऊ शकला त्या कोरोना विषाणूचा मी आजन्म ऋणी राहीन.' लाल शेरा : 'भावना पोचल्या. मर्यादा पाळावी.'

हळदीच्या प्रकल्पाचं सांगायलाच पाहिजे. मार्च-एप्रिल म्हणजे आमच्याकडं हळद काढायची, शिजवायची, वाळवायची घाई. त्या वर्षी हळद शिजली, वाळली आणि घरातच बसली. हिंगोलीचं संत नामदेव मार्केट यार्ड बंद. आणि टीव्ही लावला की जो तो हळदीचं दूध प्या म्हणून सांगणार. नववीच्या एका पोरानं लिहिलं, 'सगळा देश हळद पीत आहे असे टीव्हीवर म्हणतात. मग आमच्या पोत्यांवर मांजर का झोपते?' सरांनी तो प्रश्न फळ्याच्या जागी माझ्या शटरवर खडूनं लिहून ठेवला. येणारा-जाणारा वाचायचा, हसायचा, आणि आपल्या घरच्या पोत्यांची आठवण येऊन गप्प व्हायचा.

मग पुण्या-मुंबईची माणसं यायला लागली. त्यांना शाळेतच ठेवलं. फलकावर विलगीकरण कक्ष, गावाच्या तोंडी कोरंटाईन. सर रोज संध्याकाळी कुंपणाबाहेर उभे राहून मोठ्यानं विचारायचे, "कोणत्या तारखेला निघालात? पहिला मुक्काम कुठं?" आतली माणसं आधी बिचकली, चौकशी लागली वाटून. मग सांगायला लागली. नगर, बीड, परभणी, कुठं ट्रकनं, कुठं पायी. पोरांनी घरी बसून त्यावरून नकाशे काढले. नकाशाला सूची हवीच, हा सरांचा हट्ट. सूचीत गोल म्हणजे पाणी मिळालं, चौकोन म्हणजे भाकरी मिळाली, फुली म्हणजे पोलिसांनी अडवलं. मी भूगोलात दोनदा नापास झालेला माणूस, पण ते नकाशे मला वाचता आले. फुल्या फार होत्या.

सरांना स्वतःला नाक्यावर ड्युटी लागली. दुसरा असता तर कुरकुरला असता. यांनी एक वही घातली : 'घराबाहेर पडण्याची कारणे, एक अभ्यास'. औषध, दूध, मयत, पुन्हा औषध. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की गोळ्यांची एकच रिकामी पट्टी, तिचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला, सकाळपासून पाच वेगवेगळ्या माणसांच्या खिशातून निघतेय. त्यांनी कुणालाही पकडून दिलं नाही. पट्टीच्या प्रवासाचा आलेख काढला.

त्याच एप्रिलच्या अखेरीस मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले राज्य राखीव दलाचे जवान हिंगोलीत बाधित निघाले आणि आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर खाली सरकायला लागलं. एका पोरानं लिहिलं, 'हिंगोलीचे नाव मी टीव्हीवर प्रथमच पाहिले. आई रडली. मला थोडे बरे वाटले.' सरांनी 'थोडे बरे वाटले' याच्याखाली लाल रेघ ओढली, मग दुसऱ्या दिवशी खोडरबर मागायला आले. लाल शाई खोडरबरानं जात नाही, हे त्यांना सांगून मी थकलो.

डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि आमच्या सरांचे हाल सुरू झाले. पारावर बसलेला प्रत्येक जण विचारायचा, "सर, तुमचे सात कोटी कधी येतेत?" सर हसायचे, पण मनात डिसले गुरुजींचा क्यूआर कोड बसला. प्रत्येक फायलीवर कोड हवा! पोरांना तो कसा काढतात हे कळेना; सरांनाही कळेना. एका हुशार पोरानं माझ्या दुकानाच्या काचेवरच्या कोडची झेरॉक्स काढली आणि सगळ्यांच्या फायलीवर चिकटवली. पुढं शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी मोठ्या कौतुकानं तो फोनवर घेतला, तर माझ्या जनरल स्टोअर्सचं नाव आणि 'रक्कम टाका'. साहेब दिलदार, त्यांनी अकरा रुपये टाकले. सरांनी ते माझ्या उधारीतून वळते केले.

ज्यांनी सरांना वेड्यात काढलं, तेच पुढं त्यांच्या दारात आले. २०२१ ला दहावीची परीक्षाच रद्द झाली. निकाल अंतर्गत मूल्यमापनावर. मग रात्री-बेरात्री बाप माणसं सरांच्या ओट्यावर. "सर, आमच्या लेकराचा एखादा प्रकल्प बघा की पडलेला." सर म्हणायचे, "पडलेला नाही. करायला लावा. शुक्रवारपर्यंत." राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. सरांनी तेवढ्या एका दिवशी टक्केवारीवर प्रकल्प दिला नाही.

दुसऱ्या लाटेत ते गप्पच झाले होते. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी माणसं नांदेडपर्यंत पळत होती. १६ मे ला कळमनुरीचे खासदार राजीव सातव गेल्याची बातमी आली. त्या आठवड्यात सरांनी एकही विषय दिला नाही. पिशवीतली टेपही बाहेर निघाली नाही.

आता सर निवृत्तीला आलेत, पण मान अजून तिरकी होते. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या नळ्यांमधून विश्वातली कंपनं मोजणार म्हणे. सरांनी पोरांना विषय दिलाय, 'आमच्या घरातील कंपने'. गल्लीत सध्या जातं, मिक्सर आणि आजोबांचं घोरणं मोजणं चालू आहे.

या कंपनांना कपाटात जागा हवी, म्हणून लग्नपत्रिकांच्या त्या फायली माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत आल्यात. वाळवी लागू नये म्हणून सर दर पंधरवड्याला निंबाचा पाला बदलतात. त्यांतल्या एका गठ्ठ्याचा विषय होता, 'जुन्या साथी : घरातील वडीलधाऱ्यांची मुलाखत'. पटकी, गाठीचा ताप, मानमोडी. निजामाच्या राज्यात गाव सोडून रानात टाकलेल्या झोपड्या, मरीआईचा गाडा दुसऱ्या गावच्या शिवेवर नेऊन सोडणं. म्हाताऱ्यांनी सासूकडून ऐकलेलं, नातवंडांनी लिहून घेतलेलं.

गेल्या दिवाळीत एक पोरगा दुकानात आला. पुण्यात कंपनीत आहे. त्याची आजी दुसऱ्या लाटेत दवाखान्यात गेली ती परत आली नाही. म्हणाला, "काका, आजीचा आवाज कुठंच नाही. फोनमध्ये भरून ठेवायचं सुचलंच नाही. सरांनी लिहायला लावलं होतं ते असंल का?" सर आले. गठ्ठा सोडला. फाईल सापडली. सरांनी तीन पानं माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "झेरॉक्स काढ. मूळ त्याला दे."

मी पैसे घेतले नाहीत. झेरॉक्स फायलीत लावली. शेवटच्या पानावर सरांचा २०२० सालचा शेरा आहे. लाल शाई झेरॉक्समध्ये काळी आली, पण नीट वाचता येते : 'मुलाखत चांगली. नमुना एकच. आणखी चार आजींना भेटावे.'