रॉकेट निघालं येळवशीला

अमेरिकेतले भाचे येताना चॉकलेटं आणतात. आमच्या भाच्यानं डॅलसहून रॉकेट आणलं. पुठ्ठ्याच्या जाड नळ्या, प्लायवुडचे पंख, प्लास्टिकचं टोकदार नाक आणि नायलॉनचं पॅराशूट असा सगळा संच होता. नांदेडच्या घरात जोडून उभं केलं तेव्हा ते माझ्या खांद्याला लागलं.

हे म्हणे ‘हाय पॉवर’ रॉकेट. या छंदात मोटरींना इंग्रजी अक्षरं असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला ताकदीची मर्यादा दुप्पट होते. एचपासून, म्हणजे 160 न्यूटन-सेकंदांच्या वर, हाय पॉवर सुरू होतं. तिथं तसलं रॉकेट उडवायला संघटनेचं प्रमाणपत्र लागतं. भाच्याकडं प्रमाणपत्र होतं. मोटर नव्हती. ती विमानात नेऊ देत नाहीत, टपालानं येत नाही, आणि इथं अशी दारू बाळगायची तर स्फोटक नियम, 2008 आडवे येतात. ते नियम राबवणाऱ्या खात्याचं मुख्यालय आहे नागपूरला. थोडक्यात, रॉकेट संपूर्ण होतं, उडण्याची सोय तेवढी नव्हती. मराठवाड्यात हे कुणालाच खटकलं नाही. आमच्याकडं कोनशिला आधी बसते, प्रकल्प मागून येतो.

वजिराबादेतून अराल्डाइट आणून पंख चिकटवले. ते वाळेपर्यंत भाच्यानं आजीला शास्त्र सांगितलं. रॉकेटचा गुरुत्वमध्य पुढं हवा आणि हवेच्या दाबाचा मध्य त्याच्या मागं, निदान नळीच्या एका व्यासाइतका. नाहीतर ते सरळ जात नाही, गिरक्या घेतं.

“म्हणजे डोकं जड पाहिजे,” आजी म्हणाली. “मग तुझ्या मामालाच उडव की.”

उडवायचं ठिकाण ठरलं लातूरला, माझ्या मेव्हण्याच्या शेतात. मुहूर्त वेळ अमावस्येचा, म्हणजे येळवशीचा. त्या दिवशी लातूरकर घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातात, आणि शेतात नळी घेऊन फिरणाऱ्या माणसाला कोणी हटकत नाही, असा माझा हिशोब. आदल्या दिवशी आम्ही एसटी धरली. नेमकी त्याच सुमारास माळेगावला खंडोबाची यात्रा असते. गाडी इतकी भरलेली की रॉकेट आत आधी गेलं आणि आम्ही त्याच्या आधारानं मागून चढलो.

कंडक्टरनं रॉकेटला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “ह्याचं तिकीट?”

“सामान आहे,” मी म्हणालो.

“सामान मांडीवर बसतं, टपावर बसतं. हे तर उभं हाय. बाई असती तर अर्धं लावलं असतं, पंच्याहत्तरीचा म्हातारा असता तर फुकट. हे ना बाई, ना म्हातारा.” शेवटी त्यांनी ते ड्रायव्हरच्या मागं उभं केलं आणि ‘कारभारी’ म्हणून त्याला हाक मारायला लागले.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंगची पोरं चढली. त्यांनी लगेच ओळखलं. 2025च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अवकाश विभागातल्या इन-स्पेसनं उत्तर प्रदेशात कुशीनगरला विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट स्पर्धा भरवली होती, तिचा विषय निघाला. परवानगीनं, सरकारी देखरेखीखाली भारतातही अशी रॉकेटं उडतात हे ऐकून भाच्याला हुरूप आला. पण बाकीच्या गाडीला कुशीनगरशी कर्तव्य नव्हतं. कुणी म्हणे बोअरचा केसिंग पाइप, कुणी म्हणे येत्या निवडणुकीतल्या अपक्षाची निशाणी. लोह्याला चढलेल्या एका आजोबांनी मात्र वाद मिटवला. “देवाची काठी हाय,” असं म्हणून त्यांनी रॉकेटवर मूठभर भंडारा उधळला. त्यासरशी गाडीत ‘यळकोट यळकोट जय मल्हार’ झालं. माळेगावला गर्दी उतरली तेव्हा पांढरं रॉकेट नाकापासून पंखापर्यंत पिवळं झालं होतं, आणि त्याच्या पायाशी दहा-दहा रुपयांच्या नोटा होत्या. भाच्याच्या छंदाला मिळालेलं हे पहिलं अनुदान.

अहमदपूरला इतिहासाचे निवृत्त मास्तर शेजारी आले. “रॉकेटचं आम्हाला काय कौतुक सांगता? 1795 साली खर्ड्याला निजामाच्या फौजेवर भोसल्यांनी बाणांचा वर्षाव केला. ते बाण म्हणजे दारू भरलेली रॉकेटंच. तुमच्यात दारू आहे का?”

“नाही,” भाचा ओशाळून म्हणाला.

मी त्याची बाजू सावरली. थुंब्याहून 21 नोव्हेंबर 1963 रोजी उडालेलं पहिलं रॉकेटसुद्धा अमेरिकेहूनच आलेलं, नाइकी-अपाची. कामाला जागा मिळाली ती तिथल्या चर्चच्या इमारतीत, आणि सुटे भाग सायकलवरून नेले. “त्यांनी निदान ते उडवलं,” मास्तर म्हणाले आणि शिरूर ताजबंदला उतरले.

चाकूरच्या पुढं एका शेतकऱ्यानं बराच वेळ विचार करून विचारलं, “पाऊस पाडायचं हाय का?” मी नाही म्हणालो. “बरं झालं. 2015ला औरंगाबादेहून इमान उडालं होतं ढगात मीठ टाकायला. आमी वर बघून बघून मान धरली, पाऊस काय आला न्हाई.”

दुसऱ्या दिवशी औशाच्या वाटेवरल्या शेतात पोचलो. हरभरा गुडघ्याखाली, ज्वारी छातीला लागलेली. कडब्याची कोप उभारलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पुढ्यात भज्जी, उंडे, खीर आणि मडक्यात आंबील. वहिनींनी कोपीला टेकवलेल्या रॉकेटलाही हळदकुंकू लावलं.

“हे सहावं कोण?” मी विचारलं.

“कर्ण,” सासरे म्हणाले. “कवच हाय, कुंडलं हायती, येळंला कामाचं कायबी न्हाई.”

भाच्यानं तेवढ्यात पिशवीतून दुसरी योजना काढली: थंड पेयाची दोन लिटरची बाटली, व्हॉल्व्ह लावलेलं बूच, सायकलचा पंप. बाटली एक तृतीयांश पाण्यानं भरायची, वर हवा दाबायची, दोरी ओढायची. पाणी खाली, बाटली वर, न्यूटनचा तिसरा नियम. आग नाही, दारू नाही, कोपीतल्या कडब्याला भीती नाही. सगळ्यांना पटलं. सासऱ्यांना पटलं नाही.

“पाणी?” ते म्हणाले. “एप्रिल 2016ला मिरजेहून रेल्वेनं धा वाघिणी पाणी आलं लातुरात, पाच लाख लिटर. ते रांगेत उभारून भरलंय आमी. वर फेकायला पाणी मिळणार न्हाई.”

यावर कोण बोलणार? अमेरिकेतली संघटना सुरक्षेचे नियम देते, सासऱ्यांची समजूत काढायचे देत नाही. मार्ग काढला वहिनींनी. “आंबील लई उरलंय.”

भाच्यानं मडक्यात डोकावून पाहिलं, हातावर घेऊन जोखलं. “मामा, हे पाण्यापेक्षा जड आहे. चालेल.” लसणाचे तुकडे अडकू नयेत म्हणून पातळाच्या धडप्यातून गाळून बाटली भरली. मेव्हण्यानं पंप मारला. भाचा इंग्रजीत उलटे आकडे मोजणार होता. पोरांनी एक, दोन, तीन म्हणून दोरी ओढून टाकली.

बाटली चिंचेच्या शेंड्यावरून गेली. आंबिलाचा फवारा हरभऱ्यावर, ज्वारीवर आणि मेव्हण्यावर पडला. या दिवशी उभ्या पिकात आंबील शिंपडत फिरायची रीतच आहे. सासऱ्यांनी बांधावरून सगळा पल्ला नजरेनं मोजला. “औंदा फिरायचं वाचलं,” ते म्हणाले. तासाभरात शेजारच्या शेतांतून मडकी घेऊन माणसं आली. डॅलसचा प्रमाणपत्रधारक अंधार पडेपर्यंत बांधाबांधावर फवारणी करत होता. त्याला दर शेतात जेवावं लागलं. दाजी म्हणून मलाही.

तेव्हा वाचकहो, मोटरीची वाट बघत बसू नका. बाटली मात्र थंड पेयाचीच घ्या. पाण्याची पातळ बाटली दाबाला फुटते. दोरी लांब ठेवा, पोरं त्याहून लांब ठेवा. आणि आंबील गाळून घ्या.