उन्हाची पुडी

सकाळी साडेनऊला पालेगावच्या रिक्षा स्टँडवर उभं राहिलं, की कोण कुणाची लेक आणि कोण कुणाची सून हे ओळखायची सोय नाही. कपाळावरून स्कार्फचा घट्ट वेढा, दुसरा नाकावरून, मानेमागे गाठ, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. स्कूटरवाली असेल तर फुलाफुलांचा सनकोटही. शेजारीण "काय हो, ओळख नाही का?" म्हणते, तेव्हा आवाजावरून अंदाज बांधायचा. इतका बंदोबस्त थोडा धुळीसाठी, बराचसा काळं पडू नये म्हणून.

या बाबतीत आपल्या बायकांच्या सख्ख्या बहिणी जपानात आहेत. तिथेही लांब हातमोजे, आणि छत्री पावसाइतकीच उन्हासाठी. गोरा रंग सात दोष झाकतो, अशी तिथली जुनी म्हण. १९६६मध्ये शिसेइदो कंपनीने उन्हात रापलेली तरुणी जाहिरातीत झळकवली. नव्वदच्या दशकात टोकियोतल्या शिबुयात पोरी मुद्दाम काळ्या होऊन मिरवल्या. पण ती हौस फिटली आणि छत्र्या होत्या तिथेच राहिल्या.

आपल्याकडे १९७५मध्ये फेअर अँड लव्हली आली. २०२०मध्ये तिची ग्लो अँड लव्हली झाली. ट्यूबवरचं नाव बदललं, पण मुलगी बघायला येणाऱ्या मावशींची नजर काही बदलली नाही. पांडुरंग सावळा चालतो, सून मात्र निदान गव्हाळ हवी!

गंमत एप्रिलमध्ये बघावी. सोसायटीच्या गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या पसरलेल्या असतात. "अगं, भर उन्हात काय उभी राहतेस, काळी होशील!" असं लेकीला दटावणारी आई पुढच्याच दमात म्हणते, "त्या कडेच्या पापड्या सावलीत आल्यात, जरा उन्हात सरकव." म्हणजे उन्हाचं मोल तिला पुरतं ठाऊक असतं, फक्त ते पापडीपुरतं.

मग कधीतरी गुडघे कुरकुरतात. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात, 'ड' जीवनसत्त्व कमी आहे. आठवड्यातून एकदा ६०,००० युनिटची पुडी दुधातून घ्या. हे जीवनसत्त्व आपली कातडी उन्हात स्वतःच तयार करते. पण त्यासाठी लागणारे किरण काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीशी बसून मिळतो तो नुसता घाम. पालेगावात टॉवर उभे राहण्याआधी इथे भात लावणाऱ्या बायकांना ही पुडी कुणी लिहून दिली नव्हती. पदर डोक्यावर असे, हातपाय मात्र उन्हात. जे फुकट दारात येतं, ते आपण बाहेर अडवतो आणि मेडिकलमधून विकत आणतो.

तेव्हा धूळ आणि रणरणतं ऊन यांसाठी स्कार्फ जरूर बांधा. मावशींसाठी बांधत असाल तर सोडा. आणि पापड्या सरकवायला गच्चीवर जाल तेव्हा बाह्या वर करून दहा मिनिटं तिथेच टेका. सोसायटीने अजून तरी उन्हावर मेंटेनन्स लावलेला नाही.