वाटाण्याचं सादरीकरण

कल्पना सुचायला हल्ली रिसॉर्ट लागतं. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या, टेबलावर गार झालेले वडे आणि ठराव एकच: पुढची बैठक कधी?

दादासाहेब फाळक्यांना ही सोय नव्हती. 1911 साली त्यांनी ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला, विमा पॉलिसी गहाण टाकली, 1912मध्ये लंडन गाठलं आणि कॅमेरा आणला. पैसेवाल्यांना पटवायचं कसं? कुंडीतला वाटाणा रोज थोडाथोडा टिपला. पडद्यावर रोप सरसर वर आलं, भांडवल सुटलं. (स्लाइड एकही नव्हती.)

‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसले. सगळ्यांचा स्वयंपाक पत्नी सरस्वतीबाईंकडे, शिवाय फिल्मला भोकं पाडणंही. 3 मे 1913ला चित्रपट गिरगावात लागला.

रिसॉर्टमधल्या चिठ्ठ्या सकाळी झाडूवाल्यानं भरल्या.