फाट्यापुरता नेवासा

पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला निघालेली माणसं नेवासा फाट्यावर चहा घेतात आणि नेवासा बघितला असं समजून पुढे जातात. गाव त्यांनी पाहिलेलंच नसतं. ते चौकातून श्रीरामपूरच्या रस्त्याने आत, प्रवरेच्या काठी आहे. ज्या पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, गीतेवरची टीका सांगितली, तो खांबही तिकडेच. लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र प्रवाशाला फाट्यावर उतरवतात आणि पुढचं त्याचं त्याने बघायचं.

या रस्त्याला मिळालेला महामार्ग 753 एफ हा आकडा अलीकडचा, वाट फार जुनी. 1954 ते 56 या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी नेवाशाचं लाडमोड टेकाड खणलं. ताम्रपाषाण काळातली दफनं आणि आणखी बरंच काही निघालं आणि त्यातच भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरं सापडली. सातवाहनांचं पैठण गोदावरीच्या काठाने इथून खाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडचा माल नेवाशापर्यंत पोचत होता.

पुढे वाटेवरून फौजा गेल्या. 12 ऑगस्ट 1803 ला नगरचा किल्ला घेतल्यावर इंग्रज सेनापती वेलस्ली टोक्याला भर पावसाळ्यातली गोदावरी ओलांडून महिनाअखेर औरंगाबादेत पोचला आणि सप्टेंबरात असईची लढाई झाली. पेशवाई संपल्यापासून 1948 पर्यंत गोदावरी ही हद्द होती. अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडे निजामाचं राज्य, त्याचं हाली सिक्का हे नाणं आणि त्याची करोडगिरी, म्हणजे जकात. आज प्रवरासंगमचा पूल ओलांडायला मिनिटही लागत नाही, म्हणून तिथे कधीकाळी वेगळं राज्य सुरू होत असे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. याच कायगाव टोक्याच्या पुलावरून 23 जुलै 2018 ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात काकासाहेब शिंदे यांनी गोदावरीत उडी घेतली. या पुलाबद्दल लिहायचं आणि ते वगळायचं, हे मला जमणार नाही.

रस्ता म्हणाल तर सरळ आहे. नगर सोडलं की शेंडी, जेऊर, इमामपूरचा घाट, पांढरीपूल, मग शिंगणापूरकडे वळणारं घोडेगाव, वडाळा बहिरोबा, नेवासा फाटा, खडक्याचा टोलनाका, प्रवरासंगम. चौपदरीकरण झालं, टोल बसला. दोन्ही टोकांच्या शहरांची नावं बदलली, तशा पाट्याही बदलल्या. ज्यांच्या शिवारातून हा रस्ता जातो त्यांचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

उसाच्या हंगामात अंधार पडल्यावर फाट्याच्या चौकात उभं राहून बघा. एक आडवा रस्ता नेवाशाकडून येऊन महामार्ग छेदतो आणि भेंडे, कुकाण्यावरून शेवगावला जातो. ज्ञानेश्वर साखर कारखाना भेंड्याला. त्यामुळे प्रवरेकाठचा ऊस महामार्ग ओलांडल्याशिवाय त्याच्या गव्हाणीत पडू शकत नाही. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही शिगोशीग भरलेल्या. उसाची टोकं मागे इतकी लोंबतात की दिवा असला तरी तो त्यांच्याआड जातो. त्यामागे टायरची बैलगाडी. तिला दिवाच नाही. वर कोयता घेतलेला माणूस, उसावर पाय पसरून बसलेली बायको, तिच्या कुशीत पोर. ही माणसं बहुतेक बीड, पाथर्डीकडून आलेली. आणि मागून ऐंशी-नव्वदच्या वेगाने येणारी मोटार.

अपघात झाला की बातमीत 'चालकाचा ताबा सुटला' असं येतं. दरवेळी ताबा सुटत नसतो. पुढे काय उभं आहे हेच त्याला दिसलेलं नसतं. महामार्ग आखणाऱ्यांनी वेगाचा विचार केला, उसाचा केला नाही. मुळा धरणाचं पाणी कालव्याने तालुक्यात आलं, मळे उभे राहिले, सोनईला आणि भेंड्याला कारखाने निघाले. हे सगळं चौपदरीकरणाच्या कितीतरी आधीचं. मग आखणी करताना ते दिसलं कसं नाही?

कारखान्याशी उसाच्या नोंदीपासून तोडीच्या पावतीपर्यंत सगळं कागदावर असतं. गाडी काट्यावर आली की वजन किलोपर्यंत मोजलं जातं. त्याच काट्यावर मोकळी गाडी परत निघताना मागे लाल चमकणारं कापड आहे की नाही, एवढं बघायला कितीसा वेळ लागतो? कापड नसेल तर कारखान्याने ते आपल्या खर्चाने बांधावं. ते ट्रॉलीवालाही घेऊ शकेल. पण उचल फेडणाऱ्या गाडीवानावर हा खर्च टाकायचं कारण नाही. बांधकाम खात्याने आडव्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उजेड करावा आणि गाड्या थांबायला बाजूची पट्टी द्यावी. पोलिसांनी हंगामापुरता रात्रीचा माणूस चौकात उभा करावा. यातल्या एकाही कामाला नवा कायदा लागत नाही.

कोयते दिवाळीच्या आसपास फडात उतरतात. हे सगळं त्याआधी व्हायला हवं.